गोधडीची किंमत कोण ठरवणार?

आपल्याकडे असं घर विरळाच, जिथे एखादी गोधडी नाही. कोणी तिला वाकळ म्हणतं. आजीचं विरलेलं लुगडं, आजोबांचं धोतर, मुलांचे आखूड झालेले कपडे असं सगळं एकावर एक पसरायचं आणि धावदोऱ्यानं शिवून काढायचं. तिची ऊब आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण तिची किंमत किती, हे घरात कोणी विचारलेलं मला तरी आठवत नाही. जुनेराचंच तर शिवलं, त्याला कसली आली किंमत? शिवणारीच्या दुपारी, तिचे डोळे, तिची टोचलेली बोटं यांतलं काहीच आपण कधी हिशेबात धरलं नाही.

हा हिशेब एका गावातल्या बायकांनी मांडला. तो त्यांनी कसा मांडला, त्यासाठी काय सोसलं आणि तो अजून पुरता का सुटलेला नाही, ते आज सांगायचं आहे. गाव आपल्याकडचं नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा नावाचं राज्य आहे. त्याच नावाची नदी तिथल्या विल्कॉक्स परगण्यातून वाहते आणि एका ठिकाणी इतकं मोठं वळण घेते, की तीन बाजूंनी पाणी आणि एका बाजूला जमीन असा एक तुकडा तयार होतो. या तुकड्याला गीज् बेंड म्हणतात. बेंड म्हणजे वळण, आणि गी हे इथल्या पहिल्या गोऱ्या जमीनदाराचं आडनाव. सरकारी कागदोपत्री १९४९ पासून गावाचं नाव बॉयकिन आहे, पण जगाला ते गीज् बेंड म्हणूनच माहीत आहे.

जोसेफ गी १८१६ साली नॉर्थ कॅरोलायनाहून इथे आला. त्यानं गुलामांच्या श्रमावर कापसाचा मळा उभा केला. पुढे कर्जाच्या व्यवहारात १८४५ मध्ये हा मळा मार्क पेट्वे या नातेवाइकाकडे गेला. या पेट्वेनं आपल्या मालकीचे शंभरेक गुलाम नॉर्थ कॅरोलायनाहून अलाबामापर्यंत पायी चालवत आणले. मालक आणि त्याचं कुटुंब गाड्यांतून आलं, माणसं मात्र शेकडो मैल चालत आली. आजही त्या गावात दर दोन-चार घरांआड पेट्वे हे आडनाव भेटतं. त्यांचं एकमेकांशी नातं असेलच असं नाही. ज्याच्या मालकीची माणसं, त्याचं आडनाव, असा तो प्रकार होता.

१८६५ मध्ये गुलामगिरी संपली. पण जमीन मालकाचीच राहिली. कालचे गुलाम आज वाट्यानं शेती करणारी कुळं झाले. बियाणं, खत, औतं, वर्षाचं धान्य हे सगळं उधारीवर घ्यायचं आणि कापूस आला की तो देऊन टाकायचा. वही व्यापाऱ्याच्या हातात. कापसाचा भाव किती, उधारी किती, व्याज किती, हे तोच सांगणार. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. पिकवणारा एक आणि किंमत ठरवणारा दुसरा, ही त्या गावाची पिढ्यान् पिढ्यांची स्थिती होती.

अशा घरांत गोधड्या शिवल्या जात. घरं लाकडी ओंडक्यांची, फटींमधून वारा आत येणारी. भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवायची आणि अंगाखाली-अंगावर गोधड्या घ्यायच्या. थंडीत मुलांच्या अंगावर एकावर एक कितीतरी गोधड्या टाकाव्या लागत. कापड विकत आणणं शक्यच नव्हतं. शेतात घालून घालून विटलेल्या पँटी, गुडघ्याला फाटलेले डेनिमचे कपडे, पिठाची आणि खताची रिकामी पोती, झग्यांचे उरलेले तुकडे हाच माल. आत भरायला, सरकी काढण्याच्या कारखान्यात जमिनीवर सांडलेला कापूस गोळा करून आणायचा आणि काठीनं झोडपून मोकळा करायचा. वरचा रंगीत थर एकटीनं जोडायचा. मग मधला कापूस आणि खालचं अस्तर घालून टाके घालायला शेजारणी जमायच्या. असं जमून काम करण्याला तिकडे ‘बी’ म्हणतात. आपल्याकडच्या इर्जिकीची आठवण व्हावी असाच हा प्रकार. हात चालू असत आणि तोंडानं देवाची गाणी.

या गोधड्यांची ठेवण मात्र तिची तिची. मधोमध एक चौकोन घेऊन त्याभोवती पट्ट्यांमागून पट्ट्या लावत जायचं, या पद्धतीला त्या ‘हाउसटॉप’, म्हणजे घराचं छप्पर म्हणत. पण पट्टी सरळ असलीच पाहिजे, दोन्ही बाजू सारख्या असल्याच पाहिजेत, असा आग्रह नसे. कापड संपलं की दुसरं लावायचं. निळ्या रंगात अचानक एक लाल पट्टी यायची. नमुना आईकडून लेकीकडे जायचा, पण लेक तो जसाच्या तसा कधी शिवायची नाही.

मिझूरी पेट्वे नावाच्या बाईनं १९४२ साली शिवलेली एक गोधडी प्रसिद्ध आहे. तिचा नवरा वारला होता. तिनं त्याचे शेतात घालायचे सगळे कपडे गोळा केले, मुलीला मदतीला घेतलं आणि त्या कपड्यांची गोधडी केली. नवऱ्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली झोपता यावं, म्हणून आईनं ती शिवली, असं ती मुलगी, आर्लोन्झिया, पुढे म्हातारपणी सांगत असे. त्या गोधडीवर खिसा काढल्याच्या खुणा आहेत. खिशाखालचं कापड कमी विटलेलं असतं, त्यामुळे तेवढाच चौकोन गडद दिसतो.

या गावाच्या इतिहासात १९३२ हे साल काळं आहे. जगभर मंदी होती, कापसाचा भाव कोसळला होता. कॅम्डन या तालुक्याच्या गावी ज्या व्यापाऱ्याकडे गीज् बेंडची उधारी होती, तो मरण पावला. त्याच्या विधवेनं सगळी थकबाकी एकदम वसूल करायची ठरवलं. माणसं गाड्या घेऊन आली आणि साठेक कुटुंबांच्या घरांतून खेचरं, गाई, डुकरं, कोंबड्या, औतं, मका, रताळी असं जे दिसेल ते घेऊन गेली. हिवाळा तोंडावर होता. त्या हिवाळ्यात लोकांनी रानातलं काहीबाही खाऊन आणि रेड क्रॉसनं दिलेल्या पिठावर दिवस काढले. जप्तीची ही आठवण गावानं पुढच्या पिढ्यांना सांगितली, कारण त्यातला धडा साधा होता. ज्याची वही, त्याचा हिशेब.

पुढे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात सरकारनं या गावात लक्ष घातलं. १९३७ मध्ये मळ्याची जमीन सरकारनं विकत घेतली. नवी घरं, शाळा, सहकारी दुकान झालं. सरकारसाठी काम करणाऱ्या आर्थर रॉथस्टीन या छायाचित्रकारानं त्याच वर्षी इथली छायाचित्रं काढली. १९४० च्या दशकात ही जमीन कमी व्याजाच्या कर्जावर त्याच कुटुंबांना विकण्यात आली. ज्यांच्या आजोबांना विकत घेतलं गेलं होतं, ते आता जमिनीचे मालक झाले. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या वाट्याला असं क्वचितच आलं. ही जमिनीची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

आता १९६० च्या दशकात येऊ. विल्कॉक्स परगण्यात चारांतले तीन लोक कृष्णवर्णीय होते. पण १९६५ उजाडलं तेव्हा मतदारयादीत त्यांच्यातल्या एकाचंही नाव नव्हतं. नाव नोंदवायचं तर कॅम्डनला जायचं, आणि कॅम्डन नदीच्या पलीकडच्या काठाला. पूर्वी तरीनं थोड्या वेळात जाता यायचं. १९६२ मध्ये गीज् बेंडचे लोक मतदार नोंदणीसाठी जायला लागले आणि तर बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली २००६ साली, म्हणजे ४४ वर्षांनी. मधल्या काळात नदीपलीकडच्या, नजरेसमोरच्या गावाला जायला रस्त्यानं साठ-पासष्ट किलोमीटरचा वळसा घालावा लागे.

फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्युथर किंग एका पावसाळी रात्री गीज् बेंडला येऊन गेले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला आणि लोक नोंदणीला निघाले. गीज् बेंडमधल्या लोकांची जमीन स्वतःची होती, त्यामुळे त्यांना निदान घरातून कोणी काढू शकत नव्हतं. पण आसपासच्या वस्त्यांतली कुळं गोऱ्या मालकांच्या जमिनीवर राहत होती. मतदारयादीत नाव घातलं, की मालकाचा निरोप यायचा, जागा खाली करा. कोणाची मजुरी गेली, कोणाची उधारी बंद झाली. मताची किंमत म्हणून माणसं घर देत होती.

या हकालपट्ट्यांची नोंद करण्यासाठी फ्रान्सिस वॉल्टर हे एपिस्कोपल पंथाचे तरुण गोरे पाद्री त्या भागात हिंडत होते. डिसेंबर १९६५ मध्ये ते वाट चुकले आणि एका घरापाशी आले. दोरीवर तीन गोधड्या वाळत घातल्या होत्या. ते पाहतच राहिले. चौकशी करावी म्हणून गाडीतून उतरले, तर गोरा माणूस येताना पाहून घरातली बाई रानात पळून गेली. आज आपण या गोधड्यांचं कौतुक करतो, तेव्हा हा प्रसंग विसरू नये. ज्या घरात ती कला होती, त्या घरात ती भीतीही होती.

वॉल्टर पुन्हा आले, ओळखीच्या माणसांना बरोबर घेऊन. थोड्या देणगीच्या पैशातून त्यांनी दहा डॉलरला एक अशा गोधड्या विकत घेतल्या आणि न्यूयॉर्कला लिलावासाठी पाठवल्या. मार्च १९६६ मधल्या त्या पहिल्या लिलावात गोधडीला सरासरी सत्तावीस डॉलर आले. रक्कम मोठी नाही. पण आपण शिवलेली वस्तू कोणीतरी पैसे मोजून घेतं आणि ते पैसे आपल्या हातात येतात, हाच त्या बायकांच्या आयुष्यातला नवा अनुभव होता. त्याच महिन्यात साठेक जणी एका चर्चमध्ये जमल्या आणि त्यांनी सहकारी संस्था स्थापन केली. नाव ठेवलं, ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’. फ्रीडम म्हणजे स्वातंत्र्य. नावात गोधडी होती, त्याआधी स्वातंत्र्य होतं.

इथे एक बारकावा सांगायला हवा. वॉल्टर यांना गोधड्या विकत घेऊन स्वतः विकता आल्या असत्या, बायकांना मजुरी देता आली असती. तसं झालं असतं तर आणखी एक दयाळू व्यापारी एवढंच झालं असतं. संस्था सभासदांची झाली, म्हणजे दर काय ठेवायचा, कोणती मागणी घ्यायची, नफ्याचं काय करायचं, हे सभेत ठरायला लागलं. मिंडर कोलमन अध्यक्ष झाल्या. एस्टेल विदरस्पून यांनी कारभार सांभाळला आणि तो कितीतरी वर्षं सांभाळला. आयुष्यभर दुसऱ्याच्या वहीत ज्यांचा हिशेब राहिला, त्या बायका आता आपली वही लिहू लागल्या. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, दक्षिणेतल्या सहकारी संस्थांचा जो महासंघ स्थापन झाला, त्याच्या स्थापनेतही या संस्थेचा वाटा होता.

न्यूयॉर्कमध्ये या गोधड्यांची हवा झाली. घरांची सजावट करणाऱ्या नामवंतांनी त्या घेतल्या, फॅशनच्या मासिकांतून त्या झळकल्या, मोठ्या दुकानांकडून मागणी आली. १९६९ मध्ये संस्थेनं स्वतःची इमारत बांधली. आदल्या वर्षी किंग यांची हत्या झाली होती, म्हणून इमारतीला त्यांचं नाव दिलं. त्याच सुमारास संस्थेनं तेवीस एकर जमीन घेतली. त्यातले काही तुकडे तिनं आठ कुटुंबांना विकले. ही कुटुंबं कोणती? मतदारयादीत नाव घातलं म्हणून जी बेघर झाली होती, ती.

मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. मतासाठी घर गेलं आणि गोधडीनं जमीन परत मिळवून दिली. नुसती मजुरी मिळाली असती तर ती धान्यात आणि उधारीत संपली असती. संस्था होती म्हणून पैसा साठला, आणि पैसा साठला म्हणून जमीन आली. पुढे संस्थेनं लहान मुलांसाठी पाळणाघर काढलं. शिवायला बसायचं तर मूल कुठे ठेवायचं, हे समजायला कोणी बाहेरचा तज्ज्ञ लागला नाही.

पण याची दुसरी बाजूही होती. दुकानदाराला पन्नास गोधड्या हव्या असतात आणि पन्नासही एकसारख्या हव्या असतात. टाके एका मापाचे, कोपरे काटकोनात, रंग आधी ठरलेले. ‘अस्वलाचा पंजा’ किंवा ‘अनेक रंगांचा डगला’ असे ठरावीक नमुने शिवायचे. ज्यांनी आयुष्यभर मनाला येईल तशी पट्टी लावली, त्यांच्यातल्या काहींचे हात या शिस्तीत रमले नाहीत. १९७२ मध्ये सीअर्स या मोठ्या दुकानकंपनीचं काम मिळालं. ते तर गोधड्यांचंही नव्हतं. कॉर्डरॉयच्या जाड कापडाचे उशांचे अभ्रे शिवायचे होते. काम कंटाळवाणं, पण नियमित. दर आठवड्याला पगार. ज्या भागात बाईला कापूस वेचणं आणि गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी यांपलीकडे काम नव्हतं, तिथे ही संस्था नोकरी देणारी मोठी जागा झाली.

आणि गंमत पहा. अभ्रे कापताना कॉर्डरॉयचे तुकडे उरत. सोनेरी, गडद हिरवे, तपकिरी, लाल. बायका ते घरी नेत आणि रात्री आपल्या मनासारखी गोधडी शिवत. दिवसा दुसऱ्याच्या मापाचा अभ्रा आणि रात्री स्वतःच्या मनातलं छप्पर. पुढे संग्रहालयांनी ज्या गोधड्या भिंतीवर लावल्या, त्यांत या उरलेल्या कॉर्डरॉयच्या कितीतरी होत्या. दिवसाच्या कामानं घर चालवलं, रात्रीच्या कामानं नाव झालं. एकीशिवाय दुसरी गोष्ट झाली असती असं मला वाटत नाही.

हळूहळू बाजार बदलला. बाहेरून यंत्रावरच्या स्वस्त गोधड्या आल्या, जुन्या सभासद थकल्या, तरुण मुली शहरांकडे गेल्या. संस्थेचं काम आटत गेलं. आणि नेमक्या त्याच सुमारास गीज् बेंडचं नाव जगात पसरलं. ॲटलांटाचे कलासंग्राहक विल्यम आर्नेट यांनी एका पुस्तकात एक छायाचित्र पाहिलं. ॲनी मे यंग या बाईनं शिवलेली गोधडी जळणाच्या लाकडांवर टाकलेली होती. १९९८ मध्ये ते तिला शोधत आले. त्यांनी गावात हिंडून शेकडो गोधड्या विकत घेतल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात प्रदर्शन झालं आणि ते त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकानं या कामाची तुलना मातीस आणि क्ले यांच्याशी केली. गावातल्या म्हाताऱ्या बायका बसमधून प्रदर्शनं पाहायला गेल्या. ज्या गोधड्यांखाली त्यांची मुलं झोपली होती, त्या पांढऱ्या भिंतीवर, दिव्याखाली टांगलेल्या होत्या आणि त्यांना हात लावायला मनाई होती.

२००३ मध्ये गावातल्या बायकांनी पुन्हा आपली एक संस्था केली. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं या गोधड्यांची दहा तिकिटं काढली. गोधड्यांच्या किमती हजारो डॉलरवर गेल्या. मग वाद सुरू झाला. गोधडीवरचे नमुने गालिच्यांवर आणि घरगुती वस्तूंवर छापले जात होते. त्याचे पैसे कोणाचे? गोधडी विकली म्हणजे तिच्यावरचा नमुनाही विकला का? नाव वापरायचा हक्क कोणाला? २००७ मध्ये ॲनी मे यंग आणि लोरेटा पेट्वे यांच्यासह काही जणी न्यायालयात गेल्या. आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आर्नेट यांनी आरोप नाकारले. आपण या बायकांना जगासमोर आणलं आणि त्यात स्वतःचे पैसे घातले, असं त्यांचं म्हणणं. गावातही दोन मतं पडली. काहींना त्यांच्याविषयी कृतज्ञता होती. २००८ मध्ये आपसात तडजोड झाली आणि तिच्या अटी जाहीर झाल्या नाहीत.

कोण बरोबर, हे इथे बसून मी सांगू शकत नाही. पण प्रश्न ओळखीचा आहे. १९३२ मध्ये कापसाच्या वहीबद्दल जो प्रश्न होता, १९६६ मध्ये सभासदांनी ज्याचं उत्तर दिलं होतं, तोच पुन्हा समोर आला. वस्तू बदलली, बाजार बदलला. किंमत ठरवणारा मात्र पुन्हा लांबचा कोणीतरी होता.

‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ २०१२ मध्ये बंद झाली. तिला शेहेचाळीस वर्षांचं आयुष्य लाभलं. गोधड्या मात्र थांबल्या नाहीत. २०१५ मध्ये मेरी ली बेंडॉल्फ, लूसी मिंगो आणि लोरेटा पेट्वे या तिघींना लोककलांसाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. आर्नेट यांनी स्थापन केलेल्या संस्थेनं पुढे, नमुन्यांच्या वापराचा मोबदला शिवणाऱ्यांना मिळावा अशी व्यवस्था केली. २०२१ पासून गावातल्या काही जणी इंटरनेटवरून आपल्या नावानं, आपण ठरवलेल्या दरानं गोधड्या विकू लागल्या. २०२२ पासून दर ऑक्टोबरमध्ये गावात गोधड्या उन्हाला घालण्याचा उत्सव होतो. घरोघरी दोऱ्यांवर गोधड्या झुलतात आणि लांबून माणसं पाहायला येतात. १९६५ मध्ये अशाच एका दोरीपाशी गोरा माणूस थांबला आणि बाई पळून गेली होती. आता बाई दोरीजवळ खुर्ची टाकून बसते आणि किंमत सांगते.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. २०२४ मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीनं गीज् बेंडच्या पाच जणींच्या नावानं, त्यांच्या नमुन्यांवरून यंत्रावर बनवलेल्या वस्तू देशभर विकल्या. त्यांना एकरकमी मानधन मिळालं. किती विकलं गेलं त्यावर हिस्सा नव्हता. काहींना ते पुरेसं वाटलं, कारण नाव घरोघरी पोचलं. काहींना ती जुनीच वही वाटली.

श्रोतेहो, हस्तकलेनं स्त्री स्वावलंबी होते, हे वाक्य आपण सभासमारंभांतून पुष्कळदा ऐकतो. गीज् बेंडचा इतिहास पाहिला तर ते अर्धंच खरं वाटतं. कला त्या बायकांकडे शंभर वर्षं होती आणि त्या शंभर वर्षांत त्या उपाशीही राहिल्या. सुई तीच, चिंध्या त्याच, धावदोरा तोच. फरक पडला तो त्यांनी एकत्र येऊन दर ठरवला तेव्हा, हिशेबाची वही हातात घेतली तेव्हा आणि आलेल्या पैशातून जमीन घेतली तेव्हा. आणि जेव्हा जेव्हा वही पुन्हा दुसऱ्याच्या हातात गेली, तेव्हा कौतुक वाढलं तरी प्रश्न उरलाच.

आपल्या शहरांतून, गावांतून आजही गोधडी शिवून देणाऱ्या बायका आहेत. आपण जुन्या साड्यांचं बोचकं त्यांच्या हातात देतो, दर विचारतो आणि ती काही बोलायच्या आत म्हणतो, ‘एवढे? कापड तर आमचंच आहे!’ कापड आपलं असतं, हे खरं. मिझूरी पेट्वेच्या गोधडीतलं कापडही एका शेतकऱ्याच्या फाटक्या पँटीचं होतं. पुढच्या वेळी बोचकं देताना एवढं करून पाहू. दर तिला सांगू द्यावा आणि आपण ऐकून घ्यावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)